'कोसला' या नावाचा अर्थ कसा लावायचा? कादंबरीचं नाव वाचण्याची एक पद्धत

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' या कादंबरीच्या नावाचा अर्थ काय, या प्रश्नाचं उत्तर मराठीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असतं. कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोष. नायक स्वतःच्या कोषात जातो, म्हणून कादंबरीला हे नाव. दोन ओळींत काम भागतं. मी विद्यार्थी असताना हेच लिहिलं आणि पुढे शिकवायला लागल्यावर कितीतरी वर्षं फळ्यावर हेच लिहून दिलं.

हे उत्तर चूक नाही. पण पुस्तक न उघडताही ते लिहिता येतं, आणि माझी तक्रार तेवढीच आहे. नावाच्या अर्थाचं जे उत्तर पुस्तक न वाचता देता येतं, त्यात पुस्तकाचं काहीच नसतं. म्हणून गेली काही वर्षं मी वर्गात आणि वाचनाच्या मित्रमंडळात एक वेगळी पद्धत वापरतो. ती पायरीपायरीने इथे मांडतो आहे. उदाहरण 'कोसला'चंच घेतलं आहे, कारण घडणीच्या वयाची मराठीत याहून जास्त चर्चा झालेली दुसरी कादंबरी मला आठवत नाही. ही पद्धत मात्र दुसऱ्या कुठल्याही कादंबरीला लावता येईल.

सोबत कादंबरीची स्वतःची प्रत ठेवा, म्हणजे तिच्यावर पेन्सिलने खुणा करता येतील. एक वही लागेल आणि साधारण दोन आठवडे लागतील. एका रात्रीत हे होत नाही.

पायरी १ : वाचण्याआधी नाव नुसतं ऐका

पुस्तक उघडण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर नाव लिहा आणि ते ऐकून मनात काय येतं ते खाली उतरवा. शब्दकोश पाहू नका, कुणाला विचारू नका. आधी वाचली असेल तरी पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा काय वाटलं होतं ते आठवा.

मी एकोणिसाव्या वर्षी वसतिगृहात हे नाव पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला त्यात 'कोसळणं' ऐकू आलं होतं. काहीतरी कोसळलं असणार असं वाटलं. पुढे वर्गात विचारलं तर निम्म्या मुलांना तसंच वाटलेलं निघालं. दुसऱ्या काहींना रामायणातला कोसल देश आठवला, कौसल्येचं माहेर. हे अंदाज खोडू नका. लेखकाला ते अभिप्रेत असोत वा नसोत, नाव वाचकाच्या कानावर पडताना हे आवाज सोबत घेऊनच पडतं, आणि नंतर त्यांतलं काय टिकतं ते पाहायचं असतं. 'कोसळण्या'चं म्हणाल तर या कादंबरीत खरोखरच बरंच काही कोसळतं. तो शब्दाचा अर्थ नव्हे, पण आवाज म्हणून मी तो अजून पूर्ण पुसलेला नाही.

कोसल देशाचं प्रकरण जरा जपून हाताळा. कादंबरीत अजिंठा आहे, बुद्ध आहे, आणि बुद्धाच्या काळातलं एक मोठं राज्य कोसलच होतं. हुशार विद्यार्थी हे धागे पटकन जोडतात. पण कादंबरीचं नाव देशाचं नाही. ते मराठीतलं साधं आकारान्त पुल्लिंगी नाम आहे: तो कोसला, कोसल्यात, कोसल्यातून. आपण 'कोसला वाचली' म्हणतो ते कादंबरी स्त्रीलिंगी म्हणून. वस्तू पुल्लिंगी आहे. चालवून पाहिलेलं सामान्यरूप पुष्कळदा अर्थाचा गुंता तिथल्या तिथे सोडवतं.

पायरी २ : शब्द कुठून आला ते शोधा

आता शब्दकोश उघडा. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही आता संगणकावर शोधता येतात. नुसता 'कोसला' पाहून थांबू नका. आजूबाजूचे शब्दही पाहा: कोश, कोष, कोसा, कोशेटा. पूर्व विदर्भात आणि छत्तीसगडात टसर रेशमाला कोसा म्हणतात, तो शब्द याच घरातला.

नंतर स्वतःला विचारा, लेखकाने 'कोष' असं नाव का दिलं नसेल? अर्थ तर तोच आहे.

'कोष' हा शब्द शिकलेल्या माणसाचा आहे. त्यात शब्दकोश आहे, राजकोष आहे, वेदान्तातले अन्नमय-प्राणमय पंचकोश आहेत. 'स्वतःच्या कोषात असणं' हा वाक्प्रचारही आहेच. इतकी माणसं आधीच राहत असलेलं हे घर. 'कोसला' म्हटलं की यातलं काही येत नाही. एका किड्याने बांधलेलं बोटाच्या पेराएवढं घर, बस. शिवाय हा शब्द शहरी पांढरपेशांच्या रोजच्या बोलण्यातला नाही. भालचंद्र नेमाडे यांची ही पहिली कादंबरी १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने छापली. नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीचा, शिकायला पुण्यात आलेला. पुण्यात छापल्या जाणाऱ्या पुस्तकावर पुण्याच्या तोंडी नसलेला शब्द बसवला आहे. सगळ्या कादंबरीत हाच प्रकार चालू राहतो. गावचा मुलगा शहरात येतो आणि शहराच्या भाषेत बसत नाही. पहिल्या पानाच्या आधीच, मुखपृष्ठावर, हे सुरू झालेलं असतं.

अर्पणपत्रिकेकडेही बघून घ्या. पुस्तक 'शंभरातील नव्व्याण्णवांस' अर्पण आहे. नाव एका किड्याच्या एकट्या घराचं आणि अर्पण नव्व्याण्णव जणांना. या दोन गोष्टी एकमेकींना छेदतात की पुऱ्या करतात, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. उत्तर इतक्यात देऊ नका.

पायरी ३ : ती वस्तू प्रत्यक्ष पाहा

बहुतेक जण ही पायरी गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्यायला हवा.

प्रतीक म्हणजे आधी एक वस्तू असते. तिला वजन असतं, वास असतो, ती कशी तरी तयार होते आणि तिचं पुढे काहीतरी होतं. आपण वस्तू न पाहता थेट 'अर्थात' शिरतो. मग कोसला म्हणजे एकटेपणा, दिवा म्हणजे ज्ञान, नदी म्हणजे जीवन अशी भाषांतरं होतात, आणि सगळ्या कादंबऱ्यांची नावं एकसारखी वाटायला लागतात.

महाराष्ट्रात कोसला पाहणं आता अवघड राहिलेलं नाही. मराठवाड्यात कितीतरी शेतकरी तुती लावून रेशीम घेतात आणि जालन्याला कोषांचा बाजार भरतो. मी बीड जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये दोन वेळा गेलो. पहिल्या वेळी अळ्या खात होत्या. दाराशी उभं राहिलं तरी आवाज येत होता, पाल्यावर बारीक पाऊस पडावा तसा. दुसऱ्या वेळी त्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठी ठेवलेल्या चौकटीवर, चढून विणत होत्या आणि शेडमध्ये चिडीचूप होतं. आवाज थांबला की आमचं काम झालं समजा, असं ते भाऊ म्हणाले.

तिथे जे पाहिलं आणि विचारून घेतलं, त्यातल्या कादंबरीच्या कामाच्या गोष्टी सांगतो.

अळी सुमारे पंचवीस दिवस नुसती खाते. या काळात चार वेळा कात टाकते आणि दर वेळी आधीपेक्षा मोठी होते. मग एक दिवस ती खाणं सोडते. अंग पिवळसर, किंचित पारदर्शक होतं. डोकं वर करून ती आधार शोधायला लागते. शेतकरी म्हणतात, अळी पिकली.

धागा ती बाहेरून आणत नाही. पक्षी काड्या वेचून घरटं बांधतो, तसं इथे काही नसतं. अळीच्या अंगात तयार झालेला रस तोंडाजवळच्या बारीक छिद्रातून बाहेर येतो आणि हवेत सुकून त्याचा तंतू होतो. डोकं सारखं इकडून तिकडे हलवत ती स्वतःभोवती हा तंतू गुंडाळते. दोन-तीन दिवसांत एका कोषाला जवळपास किलोमीटरभर लांबीचा धागा लागतो, आणि तो सलग असतो.

विणकाम बाहेरून आत जातं. सर्वांत बाहेरचा थर आधी, सर्वांत आतला शेवटी. पहिल्या दिवशी जाळी विरळ असते, आत काम करणारी अळी दिसते. दुसऱ्या दिवशी धूसर होते. मग दिसेनाशी होते. आत ती मेली का जिवंत आहे हे बाहेरून कळत नाही. कोष कानाजवळ धरून हलवला की आत काहीतरी सुटं असल्याचा आवाज येतो, एवढंच.

आत अळीचा कोशित होतो, म्हणजे अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था. जुनं शरीर मोडतं, नवं घडतं. दहा-बारा दिवसांनी पतंग कोषाचं एक टोक आपल्या रसाने ओलं करून सैल करतो आणि बाहेर पडतो. पण बाजाराला हे चालत नाही. भोक पडलं की सलग धागा निघत नाही, म्हणून पतंग बाहेर पडायच्या आधीच कोष वाफेत किंवा गरम हवेत घालतात. चांगलं रेशीम हवं असेल तर आतला जीव बाहेर येता कामा नये.

आणि अंडी घेण्यासाठी ज्यांना बाहेर येऊ देतात, ते तुतीच्या रेशमाचे पतंग उडू शकत नाहीत. त्यांना पंख असतात, पण हजारो वर्षं माणसाने पाळल्यामुळे उडणं संपलं आहे. ते खातही नाहीत. अंडी घालतात आणि थोड्या दिवसांत मरतात. रानातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचा टसरचा पतंग उडतो, पण खात तोही नाही.

हे वाचलं की 'कोषातून फुलपाखरू बाहेर येतं आणि मुक्त होतं' हे भिंतीवरच्या चित्रातलं वाक्य गळून पडतं. 'कोसला'वरचे कितीतरी निबंध याच वाक्याने संपतात: नायक सध्या कोषात आहे, उद्या पंख फुटतील. वस्तूकडे नीट पाहिलेला माणूस असं लिहिणार नाही.

पायरी ४ : वस्तूची टिपणं घेऊन कादंबरी पुन्हा वाचा

आता पेन्सिल घ्या. वस्तूच्या ज्या गोष्टी टिपल्या, त्यांच्या खुणा समासात करत वाचा. खाणं, खाणं सोडणं, धागा, झाकोळत जाणं, वाफ, आणि बाहेर येणं अशा सहा खुणा मी करतो.

खाण्याच्या खुणा सुरुवातीच्या कॉलेजच्या भागात दाट पडतात. पांडुरंग पुण्यात येतो तेव्हा त्याला सगळं हवं असतं. तो मेसचं काम अंगावर घेतो, वक्तृत्वाच्या आणि संमेलनाच्या उठाठेवी करतो, मित्र जमवतो, त्यांच्यावर पैसे उधळतो. आपण कुणीतरी व्हावं म्हणून तो मिळेल ते तोंडात घालतो. नंतर हे सगळं अंगाशी येतं. कर्ज होतं, ज्यांच्यासाठी केलं ते बाजूला होतात, वडिलांपुढे मान खाली जाते. तिथून खाणं सोडल्याच्या खुणा सुरू होतात. शेडमधला आवाज थांबतो, तसा पुस्तकाचाही आवाज बदलतो.

वाफेची खूण करताना विचार करा, की या पोराकडून धागा कुणाला हवा आहे? वडिलांना कर्तबगार मुलगा हवा आहे, कॉलेजला निकाल हवा आहे, गावाला शिकून आलेला माणूस हवा आहे. प्रत्येकाला कोषावरचं रेशीम हवं आहे, आत कोण आहे याची चौकशी फार थोडे करतात. माझ्या एका विद्यार्थिनीने समासात लिहिलं होतं, 'इथे पाणी तापतंय'. सांगवीच्या घरातल्या बापलेकाच्या प्रसंगाशेजारी तिने हे लिहिलं होतं. त्या एका ओळीत मला तिच्या दहा पानी निबंधापेक्षा जास्त दिसलं.

पायरी ५ : प्रतीक कुठे पुरत नाही ते शोधा

नाव सगळ्या पुस्तकाला पुरतं असं समजू नका. चांगल्या कादंबरीत एखादी जागा अशी असतेच, जिथे नाव थिटं पडतं. ती सापडली की नावाचा आवाका कळतो.

'कोसला'त ती जागा मनीची आहे. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवी येऊन मरते. आजच्या वाचकाला देवी म्हणजे काय हे सांगावं लागतं: अंगभर फोड आणणारा जीवघेणा साथीचा रोग. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी नाही. पण कादंबरीच्या काळात घराघरांत त्या रोगाची धास्ती होती आणि तो लहान मुलांना न्यायचा. मनीवरची पानं वाचताना माझी पेन्सिल थांबते. इथे कोष नाही, धागा नाही, पिकणं नाही. मनीला विणायला वेळच मिळालेला नाही. कोसला ज्याच्यापासून वाचवू शकत नाही, ते इथे आत येतं.

मी आधी या पानांनाही कोसल्याच्या चौकटीत बसवायचो: बहिणीच्या मृत्यूमुळे नायक आणखी कोषात जातो वगैरे. आता ते मला पटत नाही. ती पानं नावाच्या बाहेर राहतात आणि म्हणूनच ती इतकी उघडी, सोलवटलेली वाटतात. पुढे अजिंठ्याला बुद्धाच्या मूर्तीपुढे जे येतं, त्याकडेही याच दुःखातून पाहा. निबंधात 'इथे शीर्षकाचं प्रतीक लागू पडत नाही' असं लिहायला घाबरू नका. हे वाक्य वाचलं की तपासणाऱ्याला कळतं, या मुलाने पुस्तक वाचलं आहे.

पायरी ६ : भाषेतला धागा मोजा

कादंबरीचं पहिलंच वाक्य बघा. 'मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.' वय सांगताना 'उदाहरणार्थ' कशाला? पंचवीस हे वय उदाहरण कसं होईल? आणि हा शब्द पहिल्या वाक्यावर थांबत नाही, सगळ्या पुस्तकभर येतो. त्याच्या जोडीला 'वगैरे' येतो.

एक काम करा. कुठलीही सलग दहा पानं निवडा आणि 'उदाहरणार्थ' व 'वगैरे' किती वेळा येतात ते मोजा. मग एखादा दाट परिच्छेद घेऊन त्यातून हे दोन्ही शब्द काढा आणि परिच्छेद मोठ्याने वाचा. मजकूर तोच राहतो, पण बोलणारा माणूस एकदम उघडा पडतो. त्याचं दुखणं, त्याची लाज, त्याचा राग सरळ अंगावर येतो. शब्द परत घाला, की तो पुन्हा थोडा आत जातो. विरळ जाळीतून दिसणाऱ्या अळीसारखा.

माझ्या वाचनात नावाचं मर्म इथे आहे. धागा बाहेरून आलेला नाही, याच्याच तोंडातून निघतो आहे. जो सांगतो आहे, तो सांगता सांगता स्वतःभोवती गुंडाळतो आहे. रेशमाचा तंतूही तोंडाजवळूनच निघतो, हे शेडमध्ये पाहिल्यावर मला हे सुचलं. त्याआधी नुसतं पुस्तक वाचून सुचलं नव्हतं.

पायरी ७ : कोसला नक्की कोणता, याचे पर्याय मांडा आणि एक निवडा

वाचकांमध्ये साधारण तीन मतं आढळतात. पहिलं, पुणं हा कोसला: शिक्षणाची वर्षं हीच ती बंद खोली, ज्यात मुलाचं रूपांतर व्हायचं असतं. दुसरं, गाव हा कोसला: पुणं सोडून पांडुरंग सांगवीला परततो आणि तिथल्या जगण्यात गुरफटून राहतो. तिसरं, वर सांगितलं ते: त्याचं सांगणं हाच कोसला.

तिन्ही लिहा, पण तिन्हींना सारखे गुण देऊन मोकळे होऊ नका. एक कसोटी लावा: धागा कुणाचा? पुणं हा कोसला मानला तर धागा दुसऱ्याचा ठरतो, शहर आणि कॉलेज त्याला गुंडाळतात. मग तो कोसला राहत नाही, जाळं होतं, आणि जाळं कोळ्याचं असतं. गावाला कोसला म्हणणं थोडं जास्त टिकतं, कारण परतण्यात त्याचा स्वतःचा हात आहे. पण घर, शेत, वडील हे तर तो जन्मायच्या आधीपासून तिथे आहेत. त्याने त्यातलं काय विणलं? सांगणं मात्र पहिल्या शब्दापासून त्याचं आहे. म्हणून मी तिसऱ्या मताचा आहे. तुम्ही दुसऱ्याचे असाल तर हरकत नाही, फक्त तुमची कसोटी कोणती ते आधी लिहा.

पायरी ८ : हीच प्रतिमा आधी कुणी वापरली आहे का?

मराठी वाचकाने हे पाहिलंच पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, माणूस स्वतःच स्वतःचा बंधू आणि स्वतःच वैरी, हा गीतेचा श्लोक उलगडताना ज्ञानदेव म्हणतात:

एऱ्हवीं कोशकीटकाचिया परी ।
तो आपणया आपण वैरी ।

कोशातला किडा स्वतःला स्वतः कोंडून घेतो, तसा देहालाच आत्मा समजणारा माणूस स्वतःचा शत्रू होतो. लगेच पुढे नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त येतो. पोपट नळीवर बसतो, त्याच्या वजनाने नळी फिरते, आणि कुणी धरलं नसतानाही तो पकडला गेल्याच्या समजुतीने नळी घट्ट धरून बसतो. दोन्ही दृष्टान्तांत बांधणारा कुणी दुसरा नाही.

कादंबरीचं नाव इथूनच आलं असा दावा करू नका. तसा पुरावा लागतो. पण दोन किडे शेजारी ठेवून पाहायला पुरावा लागत नाही. ज्ञानदेवांचा किडा चुकलेला आहे, त्याला जागं करायचं आहे. पांडुरंगाच्या कोसल्याला कादंबरी चूक म्हणत नाही आणि बरोबरही म्हणत नाही. ती फक्त आत बसून आतून सांगते. सातशे वर्षांच्या अंतरावरच्या या दोन किड्यांमधला फरक, माझ्या मते, आधुनिक कादंबरी काय करते हे सांगायला पुरेसा आहे.

पायरी ९ : शेजारची नावं लावून पाहा

ही पायरी झटपट होते. चांगदेव पाटील हा नायक असलेल्या, याच लेखकाच्या चार कादंबऱ्यांची नावं एका ओळीत लिहा: बिढार, हूल, जरीला, झूल. एका गावाहून दुसऱ्या गावाला हलवलेला संसार, फसवी चाल, खानदेशातली कापसाची जुनी जात, बैलाच्या पाठीवरचं नक्षीचं कापड. पुढे 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ' या कादंबरीच्या नावात अडगळ येते. बहुतेक शब्द घरातले नाहीतर शेतातले. मग कळतं, की 'कोसला' हे नाव सुचलेलं काव्य नाही, या लेखकाची ती सवय आहे: अंगणातली एक वस्तू उचलायची आणि पुस्तकाच्या दारात ठेवायची.

मग घडणीच्या वयाची दुसरी पुस्तकं घ्या. मिलिंद बोकील यांचं 'शाळा' घ्या. नावात काहीच लपवलेलं नाही असं वाटतं, पण पुस्तक वाचून झाल्यावर विचारा की मुकुंद जे शिकला ते शाळेच्या वेळात किती आणि शाळेबाहेर किती. आनंद यादव यांचं 'झोंबी' घ्या. ते वस्तूचं नाव नाही, क्रियेचं आहे. शिकायला मिळावं म्हणून पोर ज्याच्याशी झोंबतं, तो कोण? बाप, गरिबी, की दोन्ही? तिथे तिसऱ्या पायरीला वस्तू पाहायची नाही, आखाड्यातली झोंबाझोंबी पाहायची.

अजून एक छोटा खेळ आहे. 'कोसला'चं इंग्रजी भाषांतर सुधाकर मराठे यांनी केलं, त्याचं नाव इंग्रजीतल्या कोषाच्या रोजच्या शब्दावरूनच 'ककून' असं आहे. अर्थ शंभर टक्के पोचतो. पण दुसऱ्या पायरीत आपण जे शोधलं, त्या शब्दाचं गावंढेपण, ते वाटेत राहतं. समजा एखाद्याने भाषांतराला 'घरटं' असं नाव दिलं, तर काय हरवेल? एका परिच्छेदात लिहा. तिसरी पायरी मनापासून केली असेल तर दोन मिनिटांत लिहून होईल.

कुठे थांबायचं

अळी पंचवीस दिवस खाते आणि पांडुरंग पंचवीस वर्षांचा आहे. हे मला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी अर्धा दिवस आनंदात होतो. मग लक्षात आलं, अळीचे दिवस हवामानाप्रमाणे कमीजास्त होतात, आणि १९६३ साली लेखकही पंचविशीतच होता. आकडा जुळला, पुढे त्यातून काही निघालं नाही. अशा जुळण्या वहीत ठेवा, निबंधात आणू नका. जुळणीमुळे एखादं पान आधीपेक्षा वेगळं वाचता आलं, तरच ती खरी.

पायरी १० : लिहिताना

उत्तर वस्तूपासून सुरू करा, 'एकटेपणा', 'परात्मता' असल्या शब्दांपासून नको. पहिल्या दोन वाक्यांत कोसला कसा तयार होतो ते सांगा. नंतर कादंबरीतली एक जागा दाखवा जिथे ते दिसतं, आणि एक जागा दाखवा जिथे ते पुरत नाही. मग तुमचं मत. नमुना म्हणून माझ्या वहीतला परिच्छेद देतो:

'रेशमाची अळी कोसला विणते तो स्वतःच्या अंगातल्या रसातून, आणि विणताना हळूहळू दिसेनाशी होते. पांडुरंग सांगवीकरचं सांगणं असंच आहे. उदाहरणार्थ, वगैरे हे त्याचे शब्द त्याला आपल्यापासून झाकतात, पण ते आलेले आहेत त्याच्याच तोंडून. मनीच्या मृत्यूपाशी हा धागा तुटतो आणि आपल्याला आतला माणूस दिसतो. नंतर तो पुन्हा विणायला लागतो.'

आता हे माझं वाक्य बाजूला ठेवा आणि तुमचं लिहा. लिहून झालं की शेवट पुन्हा तपासा. हात आपोआप आशेकडे वळतो, पंख फुटतील, आकाश मिळेल, असं काहीतरी लिहून जातं. ते खोडा. कादंबरी संपते तेव्हा कोसला अजून बंद आहे. शेवटच्या ओळीत पतंगाला बाहेर काढू नका, आणि आत मारूही नका.